कुंपणातली मेंदी

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. टाळायला कारणं मिळत गेली. आधी नोकरी होती, मग मुलींची लग्नं, मग डोळ्यांचं ऑपरेशन. कारणं संपली तेव्हा मनाची समजूत घातली, की एका वाळलेल्या झाडाची गोष्ट, ती आता कुणाला हवी आहे? नलिनी, माझी बायको, मात्र दर वर्षी या दिवसांत एकदा तरी म्हणते, "लिहून तरी टाका. तोंडानं तर तुमच्याच्यानं झालं नाही."

हे दिवस म्हणजे माघाचा शेवट. रायपुरात थंडी सांगून जात नाही. एका दुपारी पाठीला ऊन टोचतं आणि स्वेटर खुर्चीवरच राहून जातो, एवढंच. पळसाच्या काळपट कळ्या कुठंकुठं उकलायला लागतात. सकाळी कॉलनीतले माळी मोठ्या कात्र्या घेऊन कुंपणं छाटायला निघतात. त्या कात्रीचा कचकच आवाज आणि कापलेल्या हिरव्या काड्यांचा ओलसर, कडवट वास खिडकीतून आत येतो, आणि माझा चहा कपातच गार होतो.

परवा अशाच एका सकाळी मी रोपवाटिकेत गेलो होतो. तिथं एक तरुण छोट्या कुंड्यांतले बोन्साय मांडून बसला होता. मी सहज विचारलं, जुन्या मेंदीचं खोड कुंपणातून काढून कुंडीत लावता येतं का? तो लगेच म्हणाला, "मेहंदी मत उखाड़िए अंकल. उसकी मूसला जड़ काटी कि गई. हमारी मैडम यही सिखाती थीं, उनसे खुद एक मर गई थी."

मूसला जड़ म्हणजे सोटमूळ. त्याची मॅडम कोण, हे मी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. रायपुरात ही गोष्ट सांगणारी एकच बाई होऊन गेली. मी तोंड उघडलं आणि "अच्छा" म्हणून परत आलो. तिच्या माघारी तिची चूक लोक एकमेकांना शिकवून राहिलेत, आणि ती चूक तिची नव्हती.

कुंदाताई आमच्या शेजारी राहायच्या. जुन्या सरकारी क्वार्टरांची ती ओळ होती. बैठी कौलारू घरं, पुढं ओटा, मागं पेरू. दोन घरांच्या मधे भिंत नव्हती, मेंदीचं कुंपण होतं. कुंदाताईंचा जन्म त्याच ओळीतला. वडील भूमापनच्या कचेरीत होते. पुढं त्या स्वतः सरकारी टेलिफोन एक्स्चेंजमधे ऑपरेटर झाल्या आणि योग असा की त्यांना त्याच ओळीत घर मिळालं. नवरा लवकर गेला. एक मुलगी, ती लग्न होऊन नागपूरला. आवाज असा, की फोनशिवायही दुर्गपर्यंत ऐकू जावा.

"भाऊजी, होल्ड करा जरा!" त्या कुंपणापलीकडून ओरडायच्या. मी हातात डबा घेऊन निघालेला असायचो. "तुमच्या बाजूनं मेंदी कोणं छाटली ही? झाड छाटलं का बोकडाची हजामत केली?"

"माळ्यानं छाटली."

"माळ्याचं नाव सांगू नका. अशी तिरपी कात्री तुमचीच चालते."

कात्री माझीच असायची.

त्या मेंदीला मान होता. पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, कोणत्याही पोरीचं लग्न निघालं की बायका आमच्या कुंपणाशी परड्या घेऊन यायच्या. कुंदाताईंच्या लग्नात त्यांचे हात याच मेंदीनं रंगले होते आणि पुढं त्यांच्या मुलीचेही. पानं ओरबाडायची नाहीत, शेंड्याकडून खुडायची, असा त्यांचा नियम होता आणि तो त्या ओट्यावर बसून पाळून घ्यायच्या. वर्षानुवर्षं छाटून छाटून झाडं कमरेएवढीच राहिली होती, पण बुंधे मात्र मांडीएवढे झाले होते. पिळवटलेले, गाठीगाठींचे, पांढुरक्या सालीचे. वरून पाहणाऱ्याला ते दिसायचे नाहीत. वरून नुसता हिरवा पट्टा दिसायचा.

मग रायपूर राजधानी झालं. एका रात्रीत शहराची उंची वाढल्यासारखी वाटायची. जुन्या इमारतींवर नव्या पाट्या लागल्या. भोपाळहून साहेब लोक फायलींच्या ट्रंका घेऊन उतरले. रस्ते रुंद व्हायला लागले आणि रस्त्याच्या कडेची झाडं आकसायला लागली. आमच्या ओळीलाही नोटीस आली. क्वार्टर पाडून तिथं अधिकाऱ्यांचे फ्लॅट होणार होते. आम्हाला तेलीबांध्याकडे घरं मिळणार होती. लोक खूश होते. कौलं गळायची, मागच्या न्हाणीत विंचू निघायचे. मीही खूश होतो. फक्त कुंदाताई संध्याकाळी कुंपणाशी उकिडव्या बसायच्या आणि पानं बाजूला सारून आत पाहायच्या.

"काय शोधून राहिल्या?" मी विचारलं.

"शोधून नाही राहिली. मोजमाप घेऊन राहिली. भाऊजी, हे पहा, याचा बुंधा पहा. वरचं सगळं कापून टाकलं आणि हा एवढाच कुंडीत बसवला, तर म्हाताऱ्या वडासारखा नाही दिसणार?"

त्यांनी बोन्साय कुठंतरी टीव्हीवर पाहिलं होतं. बाकीचं त्यांनी स्वतःच्या हातानं शिकून घेतलं. आधी घाणेरीवर, मग बोगनवेलीवर. काही मेली, काही जगली. मेलेलं झाड त्या फेकायच्या नाहीत. उपटून, धुऊन, मुळं पाहायच्या. "कुठं चुकलं ते मुळातच कळते," म्हणायच्या.

मग आला तो माघ. आजही डोळे मिटले की त्या सगळ्या महिन्याला ओल्या पोत्याचा वास येतो.

कुंदाताईंनी ठरवलं होतं, की ओळीतल्या प्रत्येक घराच्या कुंपणातलं एकएक झाड काढायचं, जगवायचं, आणि त्या त्या घरच्यांना नव्या घरी द्यायचं. कुणाच्या दारात पांढऱ्या, घमघमणाऱ्या फुलांची कामिनी होती, कुणाकडे विलायती चिंचेचं काटेरी कुंपण, कुणाकडे बोगनवेल. आमच्या दोन घरांतली मेंदी. ड्यूटीवरून आल्या की साडीचा पदर खोचून, पायात नवऱ्याचे जुने बूट घालून त्या खणायला बसायच्या. मी त्यांना हसलोही. पण पाहत बसायचो. असं काम मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही.

आधी वरचा विस्तार करवतीनं उतरवायचा. मग बुंध्यापासून हातभर अंतर सोडून गोल चर. माती कुदळीनं कमी आणि हातानं जास्त काढायची. आडवी मुळं एकेक करून मोकळी करायची, जाड असतील ती कापायची, केसांसारखी बारीक असतील ती ओल्या फडक्यात गुंडाळायची. मग झाड एका बाजूला कलतं करून खालचं सरळ गेलेलं सोटमूळ करवतीनं कापायचं. ते कापताना कुंदाताई बोलायच्या नाहीत. एरवी ज्यांचं तोंड मिनिटभर बंद नसे त्या श्वास रोखून करवत ओढायच्या आणि मूळ तुटल्याचा आवाज आला की "हं" करायच्या. काप धारदार सुरीनं गुळगुळीत करायचा, त्यावर हळद चोळायची. मग सफरचंदाच्या लाकडी पेटीत जाड वाळू आणि विटांचा चुरा घालून झाड उभं करायचं, सुतळीनं पेटीला घट्ट बांधायचं म्हणजे हलणार नाही, आणि वरून ओलं पोतं.

ओळीच्या टोकाला बुलडोझर येऊन उभा राहिलेला होता. त्याचा ड्रायव्हर बिडी ओढत हे पाहायचा. एकदा न राहवून त्यानं विचारलं, "ए ठूंठ ला का करबे दीदी?" या खुंटाचं काय करणार?

"पोसहूं, भैया," कुंदाताई म्हणाल्या. पाळणार आहे.

तो हसला, पण दुसऱ्या दिवसापासून आमच्या ओळीत यंत्र आणायच्या आधी "दीदी, होगे का?", झालं का, असं विचारायला लागला. दीदीनं "हव" म्हटल्याशिवाय त्यानं एकही कुंपण ओढलं नाही. सरकारी नोटिशीला जे जमलं नसतं ते या बाईच्या बुटांनी केलं.

मेंदी त्यांनी सगळ्यात शेवटी काढली. आमच्या दोन घरांच्या मधलं, जाण्यायेण्याच्या फटीजवळचं सगळ्यात जुनं झाड. त्याचं सोटमूळ मनगटाहून जाड निघालं. तेवढा वेळ त्या कधीच थांबल्या नव्हत्या. करवत टेकवायच्या, उचलायच्या, दोन बोटं वर टेकवायच्या, पुन्हा उचलायच्या. शेवटी एका ठिकाणी ठरवलं आणि कापलं. नलिनीनं घरातून हळद आणून दिली. नलिनी म्हणाली, "कुंदे, जगंल ना गं?" त्या म्हणाल्या, "जगाले काय झालं? सणावारी आपल्या दोघींच्या पोरींचे हात रंगवले यानं. उपकार फेडल्याशिवाय जाते का ते?"

याच सुमारास नागपूरहून निरोप आला. मुलीचं बाळंतपण जवळ आलं होतं. कुंदाताईंनी सुट्टी टाकली. तोवर आम्ही दोन्ही घरं तेलीबांध्याच्या नव्या जागी आलो होतो. वर गच्ची समाईक होती, जिन्याच्या आडोशाला त्या पेट्या ओळीनं मांडल्या होत्या. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मला वर नेलं.

"भाऊजी, नीट ऐका. सकाळी पोतं ओलं करायचं, संध्याकाळी ओलं करायचं. बाकी हात लावायचा नाही."

"बरं."

"पानं फुटतील. फुटली का माणूस येडा होते. त्या पानावर जाऊ नका. ते बुंध्याच्या पोटातलं जुनं खाऊन फुटतात. खाली मूळ असंल नसंल, काही भरवसा नाही. ही बाळंतीण समजा. तिले सव्वा महिना वारा लागू द्यायचा नाही, ऊन लागू द्यायचं नाही, उठवून बसवायची नाही. मी तिकडची बाळंतीण पाहतो, तुम्ही इकडची पाहा."

कुंदाताई कधीकधी स्वतःविषयी पुरुषासारखं बोलायच्या. आमच्याकडे काही बायका बोलतात. त्यांना ते शोभायचं.

मी मन लावून पाणी मारलं, एवढंच मी स्वतःच्या बाजूनं सांगू शकतो. उरला आणि सिलतरा इथल्या कारखान्यांकडून काळी धूळ यायची. सकाळी गच्चीवर पाऊल उमटायचं. ती पोत्यांवर बसायची, मी ती धुऊन काढायचो. फाल्गुन लागला आणि एका सकाळी पोतं उचललं तर मेंदीच्या पांढऱ्या बुंध्यावर तांबूस हिरवे ठिपके. चार दिवसांत त्यांची पानं झाली. इवली, चमकदार, जणू तेल लावलेली. मी खरंच वेडा झालो. रोज दोनतीनदा वर जायचो. नलिनी म्हणायची, "पोरी झाल्या तेव्हा एवढ्या चकरा नव्हत्या मारल्या."

तेव्हा माझे साहेब भोपाळहून नवे आलेले होते. झाडांचे शौकीन. ऑफिसात एकदा म्हणाले होते, की इस शहर में किसी को बोन्साय की समझ नहीं है. ते वाक्य माझ्या डोक्यात बसलं होतं. गुढीपाडव्याला मी त्यांना सपत्नीक जेवायला बोलावलं. "महाराष्ट्रीयन नववर्ष आहे सर, पुरणपोळी खायला या." ते हो म्हणाले, आणि मला दिसायला लागलं ते असं: गच्चीवर गुढी, गुढीच्या पायाशी म्हातारं झाड, त्यावर कोवळी पालवी. नव्या राज्यात, नव्या घरात, नवं वर्ष. आपल्या लोकांना पाडव्याला पालवीचा मोह पडतो. कडुलिंबाची डहाळी बांधतो, आंब्याची पानं लावतो. मला वाटलं, यापेक्षा शुभ काय असणार?

पण सफरचंदाच्या पेटीत, सुतळीनं बांधलेलं, पोत्यात गुंडाळलेलं झाड साहेबांना कसं दाखवायचं? कुंदाताईंनी एक पसरट, निळसर चिनी मातीची थाळी आणून ठेवली होती, पुढंमागं या मेंदीसाठीच. आदल्या दिवशी मी सुतळी कापली, पेटीची फळी उचकटली आणि झाड वर ओढलं. खालच्या वाळूत त्या कापाभोवती पांढरे धागे होते. पुष्कळ. ओल्या शेवयांसारखे. मला वाटलं बुरशी धरली. पाइप लावला आणि सगळे धुऊन टाकले. स्वच्छ झालं म्हणून मला बरंसुद्धा वाटलं. मग थाळीत बसवलं, वर थोडं शेवाळ दाबलं.

नलिनी जिन्यात उभी होती. "अहो, तिनं हात लावू नका म्हटलं होतं."

"एक दिवसाचा प्रश्न आहे."

पाडव्याला रायपूरचं ऊन काय असतं, ते रायपूरच्या माणसाला सांगायला नको. सकाळपासून दुपारपर्यंत ते झाड गुढीखाली होतं. साहेब आले, पाहून थबकले. त्यांची पत्नी खाली वाकली. "कितने साल का है?" मी कुंपणाचं वय सांगितलं. "आपने किया?"

मी म्हणालो, "जी."

एवढाच शब्द. नलिनी तेव्हा पोळीवर तूप सोडत होती. तिचा हात तसाच राहिला आणि तूप ताटाबाहेर गेलं. साहेबांनी ऑफिसात वाहवा केली, मग चारदोन लोक पाहायला येऊन गेले, म्हणून झाड आणखी काही दिवस थाळीतच राहिलं. नवीन घराच्या वाटपात माझं काही काम त्यांच्याकडे अडलेलं नव्हतं. अडलेलं असतं तर निदान कारण तरी सांगता आलं असतं. मला फक्त ती वाहवा हवी होती.

पानं आधी मऊ पडली, मग कडेनं वळली, मग कुरकुरीत झाली. मी घाबरून झाड परत पेटीत घातलं, सुतळी बांधली, पोतं टाकलं, पाणी मारत राहिलो.

कुंदाताई वैशाखात परत आल्या. हातात संत्राबर्फीचे डबे, तोंडात नातवाचं कौतुक. अर्धं कौतुक सांगून झालं आणि त्या चपला न काढता वर गेल्या. मी मागोमाग गेलो. कामिनीवर पानं होती, चिंचेवर होती, बोगनवेल तर पोत्यातून बाहेर आली होती. त्यांनी प्रत्येकीला हात लावला, हसल्या. मग मेंदीपाशी बसल्या. नखानं साल खरवडली. आत तपकिरी.

"कधी वाळली?"

"अचानकच," मी म्हणालो. "पानं आली होती. मग एकदम गेली."

त्यांनी बादली ओढली. झाड उपटलं, बादलीत बुडवून मुळं धुतली आणि उन्हाकडे धरून पाहिली. पुष्कळ वेळ पाहिली. मग म्हणाल्या, "एक धागा नाही फुटला, भाऊजी. एवढे दिवस होते, एक धागा नाही. नवं मूळ कसं पांढरं शेवयासारखं निघते, पाहा ना, या कामिनीले पाहा." त्यांनी कामिनीच्या पेटीची कड उकरून दाखवली. तेव्हा मला कळलं मी काय धुतलं होतं. "म्हणजे मीच चुकली. मी सोटमूळ फार वर कापलं. मले तेव्हाच वाटत होतं."

नलिनी खाली निघून गेली. स्वयंपाकघरातून भांडी आदळल्याचा आवाज आला. मी तिथंच उभा होतो. सांगायला एक श्वास पुरला असता.

त्या उन्हाळ्यात रात्री जेवताना नलिनी एवढंच म्हणाली, "मी नाही सांगणार तिले. तुमचं आहे, तुम्ही सांगा." तिनं ते पाळलं. सांगितलं असतं तर मी सुटलो असतो, हे तिला माहीत होतं.

आता यापुढचं मला कौतुकानंच लिहायचं आहे, कारण या बाईचं मोठेपण मी जितक्या जवळून पाहिलं तितकं कुणी पाहिलं नाही, आणि का पाहिलं ते फक्त मलाच ठाऊक आहे. दुसरं कुणी असतं तर एका झाडाचं मरण उन्हावर ढकललं असतं, पाण्यावर ढकललं असतं. माझ्यावर ढकलायलाही काय हरकत होती? त्यांनी एकदाही विचारलं नाही, की भाऊजी, पोतं रोज ओलं केलं होतं ना. मी जाताना 'बरं' म्हटलं होतं, ते त्यांना पुरेसं होतं. त्यांनी चूक आपल्याकडे घेतली आणि ती लपवली नाही. पुढं त्या शिकवायला लागल्या तेव्हा पहिल्याच दिवशी आपली चूक सांगायच्या.

झाडं तयार झाली तशी ती त्यांनी घरोघर पोचवली. कुंडीला कुंकू लावायच्या, अक्षता टाकायच्या, "सासरी चालली" म्हणायच्या. लोक हसायचे आणि मग कुंडी दोन्ही हातांनी घ्यायचे. एका घरी म्हाताऱ्या आजोबांनी आपल्या जुन्या दारातली विलायती चिंच ओळखली. तिच्या एका गाठीत पूर्वी तार अडकली होती, तो वळ तसाच होता. आजोबा त्या वळावर बोट फिरवत बसले. शहर जे पुसून राहिलं होतं ते या बाईनं कुंडीएवढं करून का होईना, हातात परत दिलं होतं.

आमच्या घरी त्या आल्या तेव्हा त्यांच्या हातात कामिनी होती. ही त्यांच्या स्वतःच्या मागच्या अंगणातली, त्यांच्या आईनं लावलेली.

"ही तुमची नं?" मी म्हणालो. "ही कशी देता?"

"तुमची मी मारली. म्हणून माझी घ्या. नलू, पाणी बेतानं घालजो गं."

नलिनीनं कुंडी घेतली आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

वर्षभरानं जुन्या ओळीमागची दुसरी ओळही पाडायला निघाली. तिथं सगळं कुंपण मेंदीचं. मीच बातमी घेऊन गेलो. माझ्या मनात होतं, की त्या पुन्हा खणायला निघतील, एखादी जगेल, आणि माझं ओझं आपोआप उतरेल. त्या दुसऱ्या एका कामिनीला वळण द्यायला तार गुंडाळत होत्या.

"नाही भाऊजी. मेंदी मले जमत नाही. त्या जीवाले उभ्या उभ्या जाऊ द्या. मी कशाले त्याचे हाल करू?"

"एकदा चुकलं म्हणून..."

"एकदाच तर चुकते माणूस. दुसऱ्यांदा केलं तर त्याले चूक नाही म्हणत."

मी त्या सकाळी तिथं जाऊन उभा राहिलो. यंत्रानं कुंपण एका टोकाला धरलं आणि गालिचा गुंडाळावा तसं गुंडाळत नेलं. मांडीएवढे बुंधे, पांढरी साल, उलटी झालेली मुळं, दोन ओळींच्या लग्नांचे रंग. ते सगळं एका ट्रकमधे गेलं.

पुढं कुंदाताई निवृत्त झाल्या आणि गच्चीवर रविवारचा वर्ग सुरू झाला. इंजिनियर यायचे, डॉक्टरणी यायच्या, मराठी समजणारी पण हिंदीतच उत्तर देणारी पोरं यायची. मी कधीकधी कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायचो. त्यांचे हात तेव्हा थरथरायला लागले होते, पण कात्री झाडाला टेकली की थरथर थांबायची. कामिनी फुलायची त्या दिवसांत तर त्या जिन्याच्या खालच्या दारातच उभ्या राहून प्रत्येकाला थांबवायच्या. "आधी वास घे. मग वर चढ. शिकणं पळून नाही जात."

एका रविवारी कुणीतरी मेंदीचं विचारलं. त्यांनी नेहमीची गोष्ट सांगितली, सोटमुळाची, कापाची, एकही धागा न फुटल्याची. आणि मग माझ्याकडे हात केला.

"यांना विचारा. यांच्या डोळ्यांसमोर झालं. काय भाऊजी?"

सगळी तोंडं माझ्याकडे वळली. तरुण, उत्सुक तोंडं.

मी म्हणालो, "हो."

त्यानंतर मी वर्गाला जाणं सोडलं. सांगायचे प्रयत्न मात्र सोडले नव्हते. तलावाकाठी फिरताना त्या भेटायच्या. मी वाक्य जुळवून जायचो आणि बोलायला सुरुवात करेपर्यंत त्या कुठल्यातरी भिंतीतल्या पिंपळाच्या रोपट्याकडे वळलेल्या असायच्या. हे मी त्यांच्यावर ढकलत नाही. त्या वळल्या नसत्या तरी मी बोललो नसतो.

शेवटी त्या अंथरुणाला खिळल्या. मुलगी येऊन राहिली होती. मी गेलो तेव्हा दुपार होती. मुलीनं चहा ठेवायला म्हणून आम्हाला दोघांनाच सोडलं. तो आवाज, ज्याला फोन लागत नसे, तो आता उशीपर्यंतच पोचत होता. मी हात धरला. नखांत अजून माती होती, की ते नखांचेच डाग होते, कोण जाणे.  त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"बोला ना भाऊजी. काही तरी घेऊन आले तुम्ही. तोंडावर दिसून राहिलं."

मी म्हणालो, "कामिनीला कळ्या आल्यात."

त्यांचा चेहरा उजळला. खरोखर उजळला. "हो? मग पाणी थोडं कमी करा," त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटून हसत राहिल्या. मुलगी चहा घेऊन आली. मी तो प्यालो. पुढच्या आठवड्यात त्या गेल्या.

दुःख याचं नाही, की मला क्षमा मागता आली नाही. क्षमा त्यांनी सहज केली असती, वर चार शिव्या देऊन. दुःख याचं आहे, की माझ्याजवळ त्यांच्यासाठी एक आनंदाची बातमी होती आणि ती मी इतकी वर्षं त्यांच्यापासून लपवून ठेवली. त्या रोपवाटिकेतल्या मुलाला, आणि त्यांच्याकडे शिकलेल्या सगळ्यांना मी आता सांगतो: जुनी मेंदी काढा, सोटमूळ कापा, ती जगते. आणि त्या दुपारी उशाशी बसून जे म्हणायचं होतं ते असं होतं. कुंदाताई, तुमचा काप बरोबर होता. त्या मेंदीला मुळं फुटली होती, पुष्कळ फुटली होती. मी ती माझ्या हातानं धुऊन टाकली. मला माफ करा.